एका 'अँड'पायी लिहिलेले पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी मागची दोन पत्रे माझ्या मेजावर उत्तराविना पडून आहेत, आणि आज मी लिहायला बसलो आहे तो पश्चात्तापाने नव्हे, तर गरजेपोटी, हे आधीच कबूल करतो. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा आपले काम नेमाने करतो, म्हणजे दुखतो. तुझा रक्तदाब आटोक्यात असेल असे गृहीत धरून थेट मुद्द्यावर येतो. जे घडले ते इथे कोणाला सांगितले तर लोक मला वेड्यात काढतील. तूही काढशील, पण निदान मी कशासाठी वेडा झालो आहे ते तुला नेमके कळेल.

माझे एक 'अँड' चुकले आहे.

आमची संस्था दरवर्षी एक संशोधनवृत्ती देते, हे तुला ठाऊक आहे. तिच्या नियमांत एक वाक्य असे आहे: 'अर्जदारास यापूर्वी शिष्यवृत्ती आणि अनुदान मिळालेले नसावे.' नियम मराठीत आधी लिहिले गेले आणि त्यांचे इंग्रजी मी केले. मी लिहिले: 'द ॲप्लिकंट मस्ट नॉट हॅव रिसीव्ह्ड अ स्कॉलरशिप अँड अ ग्रँट.' शब्दाला शब्द, आणिला अँड. तीन वर्षे हे वाक्य छापले गेले आणि कोणाच्याही डोळ्यांत खुपले नाही, माझ्याही नाही. यंदा एका तरुण अर्जदाराची निवड झाली, आणि नंतर असे आढळले की त्याला पूर्वी कुठूनसे एक छोटे अनुदान मिळाले होते. शिष्यवृत्ती मात्र कधी मिळाली नव्हती. समितीने निवड रोखून धरली आणि खुलासा मागवला. त्याने दोनच ओळींचे उत्तर पाठवले: नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती आणि अनुदान अशी दोन्ही मिळालेली नसावीत, मला दोन्ही मिळालेली नाहीत, एकच मिळाले आहे.

ते उत्तर मी तीनदा वाचले आणि तिसऱ्या वेळी खुर्चीत जरा खाली सरकलो, कारण तुझा आवाज ऐकू आला.

तुला आठवत असेल, आपण दोघे रात्र-रात्र मुद्रिते तपासत होतो त्या वर्षी तू हेच सांगितले होतेस. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि आधी जे जे म्हटले त्या सगळ्यावर पांघरूण घालतो, म्हणून 'त्याला कथा आणि कविता आवडत नाहीत' या वाक्यातून कोणालाही दोन्हींची नावड समजते. इंग्रजीत 'नॉट' आधी येतो, आणि त्याच्यामागून 'अँड' आला की वाचणाऱ्यापुढे दोन वाटा उभ्या राहतात: हेही नाही आणि तेही नाही, की दोन्ही एकत्र असे नाही? 'डू नॉट ड्रिंक अँड ड्राइव्ह' ही सूचना दारूवर बंदी घालत नाही आणि गाडीवरही घालत नाही. बंदी आहे ती दोहोंच्या जोडीवर. म्हणून तू म्हणत होतास की नकाराच्या पाठीमागे दोन्ही गोष्टी नाकारायच्या असतील तर तिथे 'ऑर' घालावा, मग त्याचे मराठी डोक्यात 'किंवा' असे उमटले तरी बिचकू नये. मी बिचकलो होतो. 'किंवा म्हणजे दोहोंपैकी एक. इथे तर दोन्ही नकोत, मग ऑर कसा?' असे मी तावातावाने म्हणालो होतो, आणि तू तर्कशास्त्राच्या तासाची वही काढून डी मॉर्गनचा नियम माझ्या तोंडावर फेकला होतास: 'अ किंवा ब' याचा नकार म्हणजे 'अ नाही आणि ब नाही', 'अ आणि ब' याचा नकार म्हणजे 'निदान एक तरी नाही'. मी म्हणालो होतो की भाषा म्हणजे गणित नव्हे, अर्थ संदर्भाने कळतो. त्यानंतर आपण तेरा दिवस एकमेकांशी बोललो नाही आणि मुद्रितांवर शेरे लिहून संभाषण केले, ते पाहून सर म्हणाले होते की इतकी स्वच्छ मुद्रिते त्यांनी आयुष्यात पाहिली नाहीत.

तर, तू बरोबर होतास. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा कापून ठेव.

पण माझी खरी काळजी त्या चुकीबद्दल नाही. चूक काय, सुधारता येते. काळजी अशी की समितीने भाषेचा जाणकार म्हणून माझ्याकडेच लेखी मत मागितले आहे. या वाक्याचा अर्थ उघड आहे, असे मी लिहून द्यावे अशी त्यांची अपेक्षा आहे. अनुवाद कोणी केला होता हे कोणाच्या लक्षात नाही, आणि माझ्याशिवाय ते कोणी शोधून काढेल असेही नाही. गुरुवारी बैठक आहे. इंग्रजीत 'ऑल बट वन' म्हणतात ना, तशी अवस्था आहे; 'बट' या शब्दाचा मूळ अर्थ 'बाहेर, वगळून' असा होता हे तूच कधीतरी सांगितले होतेस, आणि सध्या त्या बाहेरच्या जागेत मी एकटा उभा आहे.

आता तू म्हणशील, यात विचार करण्यासारखे काय आहे, खरे ते लिहून टाक. लिहिलेच असते, पण दोन रात्री वाचत बसलो आणि जे हाती लागले त्याने गोंधळ वाढला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेमके हेच भांडण गेले होते. २०१८ च्या एका कायद्यात म्हटले होते की आरोपीला सक्तीच्या किमान शिक्षेतून सूट मिळण्यासाठी पुढील गोष्टी त्याच्या नावावर नसाव्यात: पूर्वीच्या गुन्ह्यांचे अमुक इतक्यांहून अधिक गुण, तीन गुणांचा एखादा गुन्हा, 'अँड' दोन गुणांचा एखादा हिंसक गुन्हा. पल्सिफर नावाच्या आरोपीच्या नावावर पहिल्या दोन होत्या, तिसरी नव्हती. त्याचे म्हणणे होते की तिन्ही एकत्र असतील तरच सूट नाकारता येते. म्हणजे आमच्या मुलाचेच म्हणणे, फक्त तिथे पणाला वर्षानुवर्षांचा तुरुंगवास होता. मार्च २०२४ मध्ये निकाल लागला तो सहा विरुद्ध तीन असा. सहा जणांनी म्हटले की तिघांपैकी एकही असेल तरी सूट नाही, कारण तिन्ही एकत्र लागतात असे मानले तर त्या यादीतली एक अट निरर्थक ठरते आणि गंभीर गुन्हेगार सुटतात. तीन जणांनी म्हटले की 'अँड' म्हणजे 'अँड'. कायदा करणाऱ्यांना 'ऑर' हवा होता तर तो शब्द लिहिण्यापासून त्यांना कोणी अडवले नव्हते.

म्हणजे पाहा, बहुमत माझ्या समितीच्या बाजूचे आहे. मी हा निकाल मतासोबत जोडला तर माझे वाक्य वाचते, माझी अब्रू वाचते, आणि मुलगा तेवढा जातो. मोह झाला, हे तुझ्यापासून लपवत नाही. रात्री अकराच्या सुमारास मी तसा एक परिच्छेद लिहूनही काढला होता, आणि तो इतका उत्तम उतरला होता की सकाळी फाडताना वाईट वाटले.

फाडला का, तर आपल्या जुन्या स्वल्पविरामाच्या भांडणामुळे. तू मला 'स्वल्पविराम' हे नाव ठेवलेस त्याची हकिकत मी लोकांना सांगताना थोडी माझ्या सोयीने सांगतो, पण तुझ्याजवळ खरे बोलायला हवे: मी खरोखरच 'अँड' दिसला की आधी स्वल्पविराम टाकत असे, कर्ता एक असो की दोन. 'शी रोट द लेटर अँड पोस्टेड इट' यात कर्ता एकच, क्रियापदे दोन, म्हणून मध्ये काही नको. 'शी रोट द लेटर, अँड ही पोस्टेड इट' यात दोन्हीकडे स्वतःचा कर्ता आणि स्वतःचे क्रियापद आहे, म्हणून तिथे हवा. हा एवढासा नियम शिकायला मला एक वर्ष लागले आणि तेवढ्या अवधीत तुला एक विनोद आयुष्यभर पुरला. परंतु यादीतल्या शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम द्यावा, या मुद्द्यावर मी अजूनही ठाम आहे, आणि माझ्या बाजूने पन्नास लाख डॉलर आहेत. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कायद्यात जादा कामाच्या मोबदल्यातून वगळलेल्या कामांची एक यादी होती, आणि तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते. 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. एका दूध कंपनीच्या गाडीचालकांनी म्हटले की आम्ही माल पोहोचवतो, बांधत नाही. आणि यादीत फक्त बांधणेच आहे, पाठवणीसाठी असो की वितरणासाठी. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केले की वाक्य संदिग्ध आहे, आणि संदेहाचा लाभ चालकांना दिला, कारण त्या राज्यात असे कायदे कामगारांच्या बाजूने उदारपणे वाचायचे असतात. पुढच्या वर्षी पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली.

हे दोन निकाल शेजारी-शेजारी ठेवून मी बसलो आहे. एका ठिकाणी 'ऑर'ने वाचणाऱ्यांना तारले, दुसऱ्या ठिकाणी 'अँड'ने वाचणाऱ्याला बुडवले. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, आणि तीच मला त्या रात्री दिसली नाही: दोन्हीकडे शहाणी माणसे एकाच वाक्यावर एकमेकांशी असहमत झाली. ज्या रचनेवर नऊ न्यायाधीश एकमत होऊ शकले नाहीत, तशाच रचनेचा अर्थ 'उघड' आहे असे मी कोणत्या तोंडाने लिहू? आणि त्या कायद्यातल्या अटी निदान एकमेकींत अडकलेल्या होत्या. एक अट निरर्थक होते असे म्हणायला तिथे जागा होती. माझ्या वाक्यात तसे काही नाही. शिष्यवृत्ती आणि अनुदान एकत्र मिळालेली माणसे जगात असतात, आणि अशांना वगळायचे असे एखाद्या संस्थेने ठरवले तर त्यात अतर्क्य काही नाही. मुलाने जो अर्थ लावला तो ओढूनताणून लावलेला नाही. खरे सांगायचे तर तो माझ्या वाक्याचा अधिक सरळ अर्थ आहे.

काल आणखी एक गोष्ट घडली, आणि खरे तर तिच्यामुळेच आज पत्र लिहिले जात आहे. कार्यालयाने त्या मुलाला पाठवायच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे तपासायला दिला. त्यात वाक्य होते: 'द ॲप्लिकंट डिड नॉट डिस्क्लोज द ग्रँट, नॉर ही इन्फॉर्म्ड द ऑफिस.' माझा हात आपोआप चालला. 'नॉर'ने उपवाक्य सुरू झाले की प्रश्नात होतो तसा क्रम उलटतो, साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येते, म्हणून मी लाल शाईने लिहिले: 'नॉर डिड ही इन्फॉर्म द ऑफिस'. शेजारी टीपही लिहिली, की मराठीत असा उलटा क्रम नसल्यामुळे ही चूक आपल्याकडे हमखास होते. टीप लिहून पेन ठेवले, तेव्हा वाक्य काय म्हणते ते मला पहिल्यांदा दिसले. त्या मुलाने माहिती दडवली आणि कार्यालयाला कळवलेही नाही, असा आरोप ते करत होते. वास्तविक अर्जात तसा प्रश्नच नव्हता. आणि मी त्या आरोपाचे व्याकरण सुधारून दिले होते. मित्रा, मी आयुष्यभर हेच करत आलो की काय, असा एक विचार मनात आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मसुदा मी अजून परत दिलेला नाही. तो माझ्या खणात आहे, तुझ्या पत्रांच्या खाली.

सुधारित वाक्य कसे असावे यावरही इथे धमाल चालली आहे. एकाने 'मस्ट नॉट हॅव रिसीव्ह्ड नीदर' असे सुचवले, म्हणजे एका नकाराला दुसरा नकार खाऊन टाकणार आणि मग शिष्यवृत्ती किंवा अनुदान मिळालेल्यांनीच अर्ज करायचा. दुसऱ्याने 'अँड' आणि 'ऑर' यांच्यामध्ये तिरकी रेघ मारून दोन्ही ठेवले. त्याला वाटते, दोन्ही शब्द दिले की जबाबदारी वाचणाऱ्यावर पडते. तिसऱ्याने 'अँड' काढून 'हाउएव्हर' घातले. ते का, हे त्यालाही सांगता आले नाही, पण त्याच्या आधी स्वल्पविराम पुरत नाही, अर्धविराम लागतो, एवढे तरी मी त्याला समजावले. माझे वाक्य असे आहे: 'द ॲप्लिकंट मस्ट नॉट हॅव रिसीव्ह्ड आयदर अ स्कॉलरशिप ऑर अ ग्रँट.' 'आयदर' मुद्दाम क्रियापदाच्या नंतर ठेवला आहे, म्हणजे त्याच्यामागे एक नाम येते आणि 'ऑर'च्या मागेही एक नामच येते. 'आयदर' आधी सरकवला तर एका बाजूला अख्खे क्रियापद आणि दुसऱ्या बाजूला नुसते नाम अशी लंगडी जोडी होते. मराठी वाक्यही मी बदलायला सांगणार आहे: 'शिष्यवृत्तीही मिळालेली नसावी आणि अनुदानही मिळालेले नसावे.' ते लांब आहे, पण दोन 'ही' आणि दोन नकार आल्यावर वकिलालाही त्यात बोट शिरकवता येणार नाही. तू दोन्ही तपास. तुला काही खोट सापडली तर गुरुवारच्या आधी कळव. नंतर कळवलीस तर मी ती तुझ्या कुजकेपणात जमा करीन.

याच निमित्ताने सर आठवले. सात अव्ययांची पहिली अक्षरे जोडून त्यांनी आपल्याकडून 'फॅनबॉइज' हा शब्द घोकून घेतला होता, फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. आणि तू मागच्या बाकावरून विचारले होतेस की मराठीत समुच्चय, विकल्प, न्यूनत्व आणि परिणाम अशा चार खोल्यांत सगळे कुटुंब मावते, मग इंग्रजीला सात भाऊ कशाला? तेव्हा सर रागावले होते. आता वाटते, तुझ्या प्रश्नात तथ्य होते. क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या आपल्या जाडजूड व्याकरणात निर्विवाद म्हणून तिघांनाच जागा दिली आहे: 'अँड', 'ऑर' आणि 'बट'. बाकीचे मानलेले भाऊ. कसोटीही सोपी आहे: 'अँड येट' म्हणता येते, 'अँड सो' म्हणता येते, पण 'अँड बट' म्हणता येत नाही, कारण खरे दोन भाऊ एका खुर्चीत बसत नाहीत. 'कारण' या अर्थाचा बिचारा 'फॉर' तर आता बोलण्यात फारसे कोणी वापरत नाही, आणि लिहिण्यात वापरला की माणूस प्रवचन करतो आहे असे वाटते. सर असते तर हे सगळे त्यांना सांगितले असते आणि पुन्हा रागावून घेतले असते.

वहिनींची बढती झाल्याचे तुझ्या दुसऱ्या पत्रात वाचले. त्यांचे मनापासून अभिनंदन कर, आणि मी अभिनंदन करायला चार महिने लावले हे सांगू नकोस. नवे घर मानवले असेल. धाकटीच्या निबंधाबद्दल तू विचारले होतेस, त्याचे उत्तर खाली ताज्या कलमात देतो, म्हणजे हे पत्र तिच्या हाती पडले तर तेवढाच कागद फाडून देता येईल.

मतपत्र मी काल रात्री पूर्ण केले. त्यात तीन गोष्टी लिहिल्या आहेत: वाक्याचे दोन अर्थ होतात, अर्जदाराने लावलेला अर्थ रास्त आहे आणि संदिग्ध वाक्याचा भार ते वाचणाऱ्यावर टाकू नये, आणि तिसरी गोष्ट वेगळ्या परिच्छेदात, एकाच वाक्यात. ते वाक्य मी 'अँड'ने सुरू केले आहे. वाक्याच्या आरंभी 'अँड' नको म्हणून तू एकदा माझे अख्खे पान परत केले होतेस, आणि मी तुला १६११ च्या इंग्रजी बायबलपासून १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापर्यंत दाखले दिले होते. त्या जाहीरनाम्याचे तर शेवटचेच वाक्य 'अँड'ने सुरू होते. तू तेव्हा म्हणाला होतास, त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही होते, तुझ्याकडे काय आहे?

माझे वाक्य असे आहे: 'अँड द ट्रान्सलेशन वॉज माइन.'

तुझा,
स्वल्पविराम

ता. क. – धाकटीला सांग की 'ऑलदो' लिहिले की पुढे 'बट' लिहायचा नाही. मराठीत 'जरी'ला 'तरी' लागतो म्हणून हात तिकडे वळतो, पण इंग्रजीत दोहोंपैकी एकच पुरतो. अगदीच राहवत नसेल तर 'येट' घालावा. तो जुन्या वळणाचा वाटतो, पण चूक नाही. 'बिकॉज' आणि 'सो' यांचेही तसेच, कारण सांगितले की 'म्हणून' गिळायचा. आणि तिच्या निबंधातला 'नॉर' मात्र अचूक होता, क्रमासकट. तो तिला कोणी शिकवला, मला कळव.